पन्नास ग्रॅम

मास्तरांच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे त्याला पुन्हा आठवलं ते हॉटेलच्या रिसेप्शनवर. काउंटरमागच्या मुलीने "आमच्याकडे पहिल्यांदाच येताय का सर?" असं विचारलं आणि तो "हो" म्हणाला, तेव्हा. खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. तिने सवयीने विचारलं होतं. "नाही, पूर्वी येऊन गेलोय" म्हटलं असतं तरी ती तेवढंच हसली असती आणि तेच कार्ड पुढे सरकवलं असतं. पण "हो" आपसूक तोंडातून गेलं, आणि गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे काही आजचं "हो" नाही. चोवीस वर्षं ते आपल्या जिभेखाली तयार बसलेलं आहे, कुणी विचारायची खोटी. पत्र चार महिन्यांपूर्वी आलं होतं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात, डोकेदुखीच्या गोळ्यांशेजारी ते होतं. प्रत्येक दौऱ्यावर ते त्याच्याबरोबर निघायचं, हॉटेलांतून राहायचं आणि न उघडता घरी परतायचं. उघडायची गरजही नव्हती, कारण ते त्याला पाठ झालं होतं.

हॉटेल तेच आहे हे त्याला टॅक्सीतून उतरल्यावर कळलं. ऑफिसने बुकिंग केलं होतं ते नव्या नावावर. दर्शनी बाजू सगळी काचेची झाली होती, पायऱ्या जाऊन उतार आला होता, दारात उभं राहिलं की दार आपणहून बाजूला होत होतं. पण रस्त्याचं वळण तेच होतं, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तशीच एका बाजूला कलती होती. सामान नेणाऱ्याने त्याच्या हातातल्या ॲल्युमिनियमच्या पेटीकडे हात केला तसा तो म्हणाला, "ती राहू दे. ती मीच घेतो." वर लिफ्टसमोरच्या भिंतीवर जुन्या खोल्यांच्या किल्ल्या काचेच्या चौकटीत लावल्या होत्या, प्रत्येकीवर एक छोटा दिवा. गिऱ्हाइकाने खिशात घालून नेऊ नये म्हणून लाकडाचा गोळा बांधून मुद्दाम जड केलेल्या त्या किल्ल्या. तेव्हा मास्तरांनी त्यांच्या खोलीची किल्ली तळहातावर घेऊन एकदाच वरखाली केली होती आणि म्हणाले होते, "एकशे ऐंशी. लाकूड ओलं आहे. उन्हाळ्यात पाचसहा ग्रॅम कमी भरेल." मास्तर खाली चहाला गेले असताना त्याने ती गुपचूप बरोबरच्या छोट्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली होती. एकशे एक्याऐंशी. आता ती किल्ली कोणती ते काही त्याला ओळखता येईना. सगळ्या सारख्याच घासून लख्ख केल्या होत्या.

मास्तर कुठल्या शाळेतले मास्तर नव्हते. कंपनीत सगळे त्यांना तसं म्हणत, म्हणून तोही म्हणू लागला. औषधांच्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत जे नाजूक काटे असतात ते खरं सांगतात की नाही हे तपासायचं आणि तसा सहीनिशी दाखला द्यायचा, हे कंपनीचं काम. त्यासाठी प्रमाण वजनांची पेटी बरोबर न्यायची. आत निळी मखमल, आणि प्रत्येक वजनाला त्याच्या बेताचा खळगा. या वजनांना माणसाचं बोट लागता कामा नये. चिमट्याने उचलायची, चिमट्याने ठेवायची, बोलायचं तर तोंड बाजूला करून बोलायचं. "घामालाही वजन असतं लेका," मास्तर म्हणत, "आणि तुझा घाम कुणाच्या तरी औषधात मोजला जातो." आणि वजन घासायचं तर कधीच नाही. डाग पडला तर पडू द्यावा, डागासकट त्याचं वजन ठरलेलं असतं. घासलं की ते उजळतं आणि खोटं होतं.

खोलीत त्याने पेटी ठेवायला जागा शोधली. टेबल नव्हतं. खिडकीपाशी एक गोल काहीतरी होतं, ते बसायचं की त्यावर ठेवायचं हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो पलंगावर बसला आणि पेटी मांडीवर घेतली. पलंगावर सात उशा होत्या. बाथरूमची भिंत काचेची होती; एकट्या माणसाला तिचा काही उपद्रव नव्हता, तरी त्याला अवघडल्यासारखं झालं. छताला दुसरं छत लावलं होतं आणि दोन छतांच्या मधून कुठूनतरी एकसारखी घरघर येत होती, झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी. कोपऱ्यातला खांब मात्र त्याने ओळखला. त्याला नवा रंग होता, वर गुळगुळीत कागद होता, पण भिंतीबाहेर वीतभर आलेला तो खांब तोच, आणि त्यावरून त्याने मनाशी हिशोब लावला: ही खोली म्हणजे त्यांची अर्धी जुनी खोली आणि थोडा व्हरांडा. मास्तरांचा पलंग असायचा तिथे आता भिंत होती. भिंतीपलीकडे दुसरं कुणी खोकत होतं. त्याचा स्वतःचा पलंग होता बरोबर इथे, तो आत्ता बसला होता तिथे. योगायोगांवर त्याचा विश्वास नव्हता, थकवाही होता, आणि एवढ्या दौऱ्यांत एखादं हॉटेल पुन्हा वाट्याला येणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याला स्वतःला बरंच काही सांगायची सवय होती.

तेव्हाही असेच दुपारी पोचले होते. मास्तर अंघोळीला गेले. बादलीत मग बुडाल्याचा, पाठीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. त्याला कंपनीत लागून आठ महिने झाले होते. वय तेहतीस, आधीच्या दोन नोकऱ्या सुटलेल्या, लग्न नवं. ही नोकरी टिकली पाहिजे, आणि मास्तरांनी आपल्याला चांगलं म्हटलं पाहिजे, या दोनच गोष्टी तेव्हा त्याच्या डोक्यात असत. त्याने पेटी उघडली. उघडायची नाही हे त्याला माहीत होतं, पण नुसतं पाहायला काय हरकत आहे. पन्नास ग्रॅमच्या वजनावर एक करडा डाग होता, चवलीच्या नाण्याएवढा. उद्या कारखान्यातला साहेब तो पाहील आणि मास्तरांची शोभा होईल असं त्याला वाटलं. हेतू चांगला होता. हेतू चांगला होता हे त्याने इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनाशी म्हटलं होतं की ते वाक्यच आता झिजून गुळगुळीत झालं होतं. टूथपेस्ट त्याच्या पिशवीत होती, पाणी तांब्यात होतं. हॉटेलच्या टॉवेलाच्या कोपऱ्याने तो घासत बसला, आतून पाण्याचा आवाज येत होता तोवर. डाग गेला. वजन असं चमकलं की त्याला स्वतःचा चेहरा त्यात दिसला, फुगलेला, आनंदी. टॉवेलाचा कोपरा काळा झाला तो त्याने गादीखाली सारला. मास्तर डोकं पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "एवढा घामाघूम का रे? मलेरिया आहे का तुला?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मास्तरांच्या चिमट्यातून तेच वजन निसटलं. फार नाही, बोटभर उंचीवरून, काट्याखालच्या दगडावर टक् करून वाजलं. मास्तर क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी वजन उचलून तळाशी पाहिलं, काही दिसलं नाही, आणि काम पुढे चालू झालं. सहा महिन्यांनी कारखान्याची तक्रार आली, पेटी मोठ्या प्रयोगशाळेत गेली, पन्नासाचं वजन चार मिलिग्रॅमने कमी भरलं. चौकशी झाली ती लांब टेबलाच्या खोलीत, पंखा सावकाश फिरत असताना. त्याला विचारलं, "पेटी कोण उघडतं?" तो म्हणाला, "मास्तरांशिवाय कुणी उघडत नाही." हे खरं होतं. हा नियमच होता. मास्तर म्हणाले, "माझ्याच हातून निसटलं. तेव्हाच तपासायला पाठवायला हवं होतं, मी पाठवलं नाही." त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला. उरलेली वर्षं ते कोठारात बसले, खोक्यांवर चिठ्ठ्या लिहीत. कालांतराने सहीचा अधिकार त्याच्याकडे आला, आणि त्याबरोबर खिडकीजवळची ती खुर्चीही. तिची पाठ मास्तरांच्या पाठीने आत गेलेली होती. त्याने ती बदलून मागितली नाही. तशी मागायला कारण द्यावं लागलं असतं.

दारावर टकटक झाली. खोली आवरणारी बाई होती, पन्नाशीच्या पुढची, नव्या गणवेशात अवघडलेली. "उशा काढून ठेवू का साहेब? झोपायच्या आधी सगळेच काढून फेकतात, मग मलाच वाकून उचलाव्या लागतात."

"काढा. एक ठेवा."

तिने सहा उशा कपाटात कोंबल्या. त्याने विचारलं, "लिहायला कागद मिळेल का?"

"कागद?" ती हसली. "सगळं त्या पाटीवर आहे म्हणतात, बोट लावलं की. मला येत नाही, माझं बोट त्याला कळतच नाही. भांडी घासून रेषा गेल्यात." मग जरा विचार करून म्हणाली, "धुण्याच्या याद्या आहेत. मागनं कोऱ्या असतात. चालतील?"

"चालतील."

तिने खिशातून एक पॅड काढून दिलं. पुढे छापलं होतं: शर्ट, पँट, पायमोजे जोड. "तुम्ही पूर्वी आला होतात का इथे?" तिने विचारलं. "मघाशी त्या खांबाला हात लावून बघत होतात. सामान येत होतं, दार उघडं होतं म्हणून दिसलं."

"आलो होतो," तो म्हणाला. "फार वर्षं झाली."

"मग माझ्या काळातच. मी सव्वीस वर्षं आहे. भिंती हलवल्या, मॅनेजर हलवले, मी आणि खालची धुणंवाली, आम्ही दोघी तेवढ्या राहिलो." ती चादरीची घडी सारखी करत बोलत होती. "आता बरं आहे. तेव्हाचे मॅनेजर म्हणजे काय विचारू नका. टॉवेलाला डाग दिसला की आधी आम्हाला उभं करायचे. कुठे पुसलास, काय पुसलंस."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"काय सांगणार? पहिल्यांदा पहिल्यांदा म्हणायचे मी नाही, मी नाही. मग कंटाळा आला. म्हटलं, असेल बाई, माझ्याच हातनं झालं असेल. म्हणत गेलं की खरंच वाटायला लागतं. घरी गेल्यावर मी आपली हात बघत बसायचे." ती दिवे लावून, पडदे ओढून निघून गेली, आणि तिच्यामागे दार आपणहून बंद झालं, अगदी आवाज न करता.

त्याने पत्र काढलं. पाठ असलं तरी अक्षर पाठ नव्हतं. पूर्वी मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं असे. इथे ओळी उताराला लागल्या होत्या. *चि. यास अनेक आशीर्वाद. तुझी काकू गेली त्याला वर्ष झालं. तू आला होतास, पण लोक होते, बोलणं झालं नाही. आता काही काम नसल्यामुळे जुन्या चुका काढून बसतो. बाकी सगळ्यांचा मेळ लागला, एका चुकीचा लागत नाही. बोटभर उंचीवरून पडलेलं पितळ चार मिलिग्रॅम सोडत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण हात थरथरला होता हेही खरं, आणि थरथरलेल्या हातावर काहीही खपतं. दुसरं असं, की त्या सकाळी वजन मला नेहमीपेक्षा उजळ दिसलं होतं. मी मनाशी म्हटलं, हॉटेलवाल्याने नवा बल्ब लावला असेल. तर विचारतो ते एवढंच: मी अंघोळीला गेलो तेव्हा पेटी उघडली होतीस का? रागावण्याचं वय राहिलं नाही. नातीला मुलगी झाली आहे. सगळे म्हणतात, मांडीवर घ्या. मी हात मागे घेतो. तेव्हापासून चहाचा कपही मी दोन हातांनी धरतो, तुला माहीत नसेल. फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हो हो म्हणशील. लिही. मोठ्या अक्षरात लिही, डोळे जात चालले आहेत. आणि लवकर लिही. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं मी आयुष्यात कधी धरलेलं नाही, तुला ठाऊक आहेच.*

ते खरं होतं. काट्यावरचा आकडा कुणी ओरडून सांगितला तर मास्तर तो लिहीत नसत. उठून येत, चष्मा पुसत, स्वतः पाहत, मगच लिहीत. त्यापायी कारखान्यांत लोक कुरकुरत. या चार महिन्यांत त्याने चार उत्तरं लिहिली होती. चारही चांगली होती. काकूंविषयी होतं, म्हातारपणाविषयी होतं, एकात तर मास्तरांनी आपल्याला घडवलं असंही होतं, आणि ते वाचून त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. फक्त विचारलेल्या गोष्टीचं उत्तर एकातही नव्हतं. चारही त्याने फाडली होती, आणि फाडल्याचं त्याला बरंही वाटलं होतं, काहीतरी केल्यासारखं.

सातच्या सुमारास बायकोचा फोन आला. "पोचलात? गोळी घेतलीत? हॉटेल कसं आहे?"

"सात उशा आहेत."

"मग एक घेऊन या, आपल्या दिवाणाला होईल." मग म्हणाली, "तुमच्या मास्तरांच्या लेकीचा फोन होता. येत्या शनिवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे त्यांचं. दृष्टी राहील की जाईल, डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत नाहीत म्हणे. तुमच्याबद्दल विचारत होती."

"काय म्हणून?"

"काय म्हणून म्हणजे? बाबा रोज टपालवाल्याला हटकतात, एवढंच म्हणाली. मागत काहीच नव्हती बिचारी. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, त्या पत्रात असं विचारलंय तरी काय?"

"कामाचं आहे. जुनं."

"निवृत्त माणसाचं कसलं काम? दोन ओळी लिहायच्या तर चार महिने. म्हणून मी तुम्हाला वाण्याची यादीसुद्धा लिहायला देत नाही, साखर लिहावी की गूळ यातच दुकान बंद व्हायचं." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "ऐकताय ना? काही वाईट आहे का त्यात?"

"वाईट माझं आहे," तो म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने म्हटलं याचं त्याला नवल वाटलं. तिकडे तिने नळ बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग लिहा. मला नंतर सांगा. सांगायचं असेल तर."

तो लवकर आडवा झाला, आणि पडल्यापडल्या त्याने नेहमीची कारणं एकेक करून पाहिली. निवृत्तीला एक वर्ष उरलं आहे. मास्तरांनी आपलं उत्तर कुणाला दाखवलं तर? दाखवणार नाहीत, पण जावई वाचेल, लेक वाचेल, आणि लग्नकार्यात कुठे गाठ पडली की त्या नजरेने बघतील. त्याने आजवर सही केलेले दाखले किती असतील, हजारो, सगळे खरे. एकाच गोष्टीत तो खोटा होता, आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती. मास्तर एवढी वर्षं हे न कळता राहिलेच ना. पण इथे त्याला खोलीचा खांब दिसत होता, आणि खांबापलीकडे दोन हातांनी कप धरणारा माणूस. कोठारात चहा यायचा तेव्हा त्याने ते पाहिलं होतं. एकदा नव्हे, रोज पाच वर्षं पाहिलं होतं. किल्ली तळहातावर घेऊन एका ग्रॅमच्या फरकाने वजन सांगणारा हात. "तुला माहीत नसेल" असं मास्तरांनी लिहिलं होतं. हे वाक्य त्यांनी त्याच्यावर दया करून लिहिलं असावं, आणि तेच त्याला सगळ्यात असह्य होत होतं. भिंतीपलीकडचा माणूस खोकला, कूस वळला असावा. दोघांच्या मध्ये आता भिंत होती हे बरं, असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं, बरं कशाचं.

सकाळी सातला तो उठला तेव्हा पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी पलंगावर पडली होती. अंघोळ न करताच तो त्या गोल वस्तूवर बसला, मांडीवर पेटी, पेटीवर धुण्याची यादी उलटी करून. मोठ्या अक्षरात लिहायचं म्हटल्यावर एका कागदावर फार मावत नव्हतं, त्यामुळे शोभेचं काही लिहिता येईना. एका यादीवर दोन वाक्यं, फार तर तीन. *मास्तर, पेटी मी उघडली होती. वजनावर डाग होता, तो मी टूथपेस्टने घासून काढला.* दुसऱ्या यादीवर: *तुम्हाला उजळ दिसलं ते बरोबर दिसलं. बल्ब जुनाच होता.* तिसऱ्यावर चौकशीचं लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी त्याने "तेव्हा माझी परिस्थिती" असं सुरू केलं, मग तो कागद बाजूला ठेवला आणि नव्यावर लिहिलं: *मला विचारलं तेव्हा मी नियम सांगितला, खरं सांगितलं नाही. नंतर तुमच्या खुर्चीवर बसलो.* माफी मागावी का, याचा त्याने बराच विचार केला. माफी मागितली की मास्तरांना ती द्यावी लागेल. त्यांच्यावर आणखी एक काम. चौथ्या यादीवर त्याने लिहिलं: *तुमच्या हातांना तेव्हा काही झालेलं नव्हतं. बाळ घ्या.* आणि खाली सही केली, दाखल्यावर करतो तशी, पूर्ण नावाची, तारखेसकट.

कारखान्याची गाडी साडेनऊला येणार होती. टपाल कुठे टाकायचं म्हणून त्याने खाली विचारलं तर ती मुलगी गोंधळली. "स्कॅन करून देऊ का सर? लगेच जाईल." "नको, कागदच जायला हवा," तो म्हणाला. तिने फोनवर बघून सांगितलं, मागच्या रस्त्याला, औषधाच्या दुकानानंतर. जाता जाता तो वळला आणि तिला म्हणाला, "काल मी चुकीचं सांगितलं. मी पूर्वी येऊन गेलोय इथे." "हो का सर? वेलकम बॅक," ती म्हणाली आणि कालच्याइतकीच हसली.

पोस्ट ऑफिसात तीनच माणसं पुढे होती. त्याने पाकीट घेतलं, पत्ता लिहिला, मोठ्या अक्षरात, गरज नसताना. ड्रायव्हरचा फोन आला तो त्याने वाजू दिला. खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर टाकलं. पाकीट पडायच्या आधीच काटा दोन ग्रॅम दाखवत होता, हे त्याने पाहिलं. पाहिल्याशिवाय राहणं त्याच्या हातात नव्हतं.

"तुमचा काटा शून्यावर येत नाही," तो हळूच म्हणाला.

"मीही येत नाही सकाळच्या वेळी," बाई म्हणाल्या. "स्पीड पोस्ट ना? फोन नंबर टाका खाली."

"कधी पोचेल?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी नक्की? शनिवारी पोचून उपयोग नाही."

"शुक्रवारी म्हटलं ना. आहे काय एवढं? कोर्टाचं आहे का?"

"नाही. घरगुती." त्याने पैसे दिले, पावती घेतली. बाईंनी शिक्का उचलला, आणि तो पडायच्या आत पाकीट परत मागावं असं त्याला इतक्या जोराने वाटलं की त्याचा हात खिडकीच्या लाकडावर गेला. शिक्का पडला. "बाई," तो म्हणाला, "एक मिनिट मिळेल का ते? एक गोष्ट लिहायची राहिली."

त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "शिक्का पडल्यावर नाही देता येत. राहिलं असेल ते दुसऱ्या पत्रात लिहा."

त्यांनी पाकीट मागच्या पोत्यात टाकलं, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, "हं, पुढे कोण?"